राजाच्या वरातीचं सातवं वळण

आत्याच्या लेकाचं लग्न लावून आम्ही गंगाखेडला परत निघालो होतो. सन एकोणसाठचा माघ. पिंगळीच्या स्टेशनावर आल्यावर कळलं की पॅसेंजर दोन तास उशिरा आहे. मोठी माणसं सामानाला टेकून पेंगू लागली. आम्ही चार-पाच पोरंपोरी फलाटाच्या टोकाला, जिथं कंदिलाचा उजेड जेमतेम पोचत होता, तिथं मुंजाजीमामांच्या भोवती बसलो. मामांनी वीस वर्षं जिंतूर तालुक्यात पायी टपाल वाटलेलं. त्या भागात असं एक दार नव्हतं ज्याची कडी त्यांनी वाजवली नाही.

मावसभाऊ वैजीनाथच्या डोक्यातून लग्नातला बँड जात नव्हता.

"मामा, कसला वाजला बँड! राजाच्या लग्नात बी असा वाजला नसंल."

"राजाच्या?" मामांनी तोंडातली तंबाखू रुळांकडं थुंकली. "राजाच्या लग्नात काय वाजतं ते ठावं हाय का रे तुला? ऱ्हाऊ दे. गाडी येईल आता."

गाडी एवढ्यात येणार नव्हती हे त्यांनाही माहीत होतं. आम्ही पिच्छा सोडला नाही. शेवटी त्यांनी उपरणं कानांवरून घट्ट गुंडाळून घेतलं आणि सांगायला लागले.

हे माझ्यावर बेतलेलं नाही. बन्सीधर गुरवावर बेतलं. चारठाण्याचा बन्सीधर. तिथल्या जुन्या देवळात सकाळ-संध्याकाळ सनई वाजवायचा. साधा माणूस. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. ती विद्या राजाकडं होती.

राजा म्हणजे मोरदरीचा. चारठाण्यापासून तीन कोसांवर डोंगराच्या अंगाला मोरदरी. सात गावांची जहागीर, आणि त्या सातांतलं एक ओसाड. तिथं रयत म्हणाल तर माकडं. तरी गडी स्वतःला राजेबहादूर म्हणवून घ्यायचा. त्याच्या आज्याला निजामाकडून कधीतरी किताब मिळाला होता म्हणे. कशाबद्दल मिळाला ते घरात कोणी सांगत नसे, म्हणजे सांगण्यासारखं नसणार. एकोणपन्नासात जहागिऱ्या गेल्या. सातही गावं सरकारात गेली, माकडांसकट. किताब तेवढा उरला. मग हा काय करायचा? महिन्यातून एकदा जिंतूरला जाऊन स्वतःच्याच नावानं पाकीट टाकायचा. वर पत्ता, 'श्रीमंत राजेबहादूर, गढी मोरदरी'. आणि मी ते उन्हातान्हातून चालत नेऊन त्याच्या हातात द्यायचो. चार माणसांत तो ते कपाळाला लावून घ्यायचा. आत कोरा कागद. मला कसं ठाऊक? पाकीट सूर्याकडं धरलं की कळतं.

हसा. मी पण हसायचो.

तर जहागीर होती तेव्हाची गोष्ट आधी ऐका. अठ्ठेचाळीसचा वैशाख. राजानं थोरल्या लेकाचं लग्न काढलं. मोठ्या दरबारांत म्हणे राजपुत्राच्या लग्नासाठी नवी चाल बांधून घेतात, आणि ती चाल दुसऱ्या कोणाच्या लग्नात वाजू देत नाहीत. ह्यानं ते कुठंतरी ऐकलं. मग काय, बेडूक फुगला. बन्सीधरचा चुलता भुजंगबुवा, त्याच्यासारखा सनईवाला त्या मुलखात दुसरा नव्हता. त्याला गढीवर बोलावून घेतलं आणि फर्मावलं, "सात गावं, सात वळणं. वेशीतल्या मारुतीपासून वाजवत निघायचं. सहा वळणं वाटंत. सातवं दारात, नवरी माप ओलांडताना. समजलं का?"

म्हातारा आठ दिवस गढीवर राहिला. उतरायला जागा कुठं दिली? घोड्याच्या पागेत. त्यात घोडासुद्धा नव्हता, नुसता वास होता. आणि जेवायला पत्रावळ आली ती उष्टी. राजाच्या पंगतीत उरलेलं, दुसऱ्याचे दात लागलेलं. भुजंगबुवानं हात जोडून विचारलं, "सरकार, ह्ये काय?"

राजा म्हणाला, "फुंकणाऱ्याला काय ताजं न् काय शिळं? तुझं तोंडच शिळं हाय."

भोवतीचे चार खुशमस्करे खो खो हसले. ते चौघं कायम त्याच्याभोवती असायचे. राजा शिंकला तरी वाहवा करायचे.

भुजंगबुवानं पत्रावळ बाजूला सारली. त्यानं चाल बांधली. पहिली सहा वळणं अशी, की बन्सीधर सांगायचा, देवाच्या लग्नात वाजवावीत. आणि सातवं...

सातवं वळण त्यानं कुठून आणलं? पिकलं माणूस गेलं की आपल्याकडं वाजतगाजत नेतात. तिरडीपुढं वाजंत्री एक चाल वाजवतात, तुम्ही ऐकलीय. तीच त्यानं घेतली. संथ केली. वर हरकतींची झालर लावली, जरीच्या कापडाला लावतात तशी. आणि राजाला ऐकवली. राजानं डोळे मिटून मान डोलावली. "वाहवा! ह्याला म्हणत्यात शाही." चौघंही म्हणाले, "शाही, शाही." राजाला कान असते तर पहिल्या फुंकरीला कळलं असतं. पण राजाला कान नव्हते, मिशा होत्या.

लग्नाच्या रात्री भुजंगबुवा सनईवर, रायभान संबळावर, आणि बन्सीधर सुरावर. सूर धरणं म्हणजे काय माहीत आहे का? एक जण चाल वाजवतो, आणि मागं दुसरा एकच स्वर धरून उभा राहतो. तो सोडायचा नाही. गाल फुगवून तोंडानं फुंकायचं, त्याच वेळी नाकानं श्वास घ्यायचा, म्हणजे स्वर तुटत नाही. त्या बिचाऱ्याकडं कोणी बघत नाही. पण तो थांबला की चाल उघडी पडते.

सहा वळणं झाली. वरात दारात आली. भुजंगबुवानं सातव्यासाठी छाती भरून घेतली, आणि राजानं रुमाल हलवला. "बस झालं तुझं." हैदराबादेहून बँड मागवलेला होता, लाल कोटवाला. त्यानं ढोल बडवायला सुरुवात केली. थोरली सून त्या ढोलावर माप ओलांडून घरात गेली. बुवाचं सातवं वळण तोंडातच राहिलं.

आता वाजंत्र्यांची एक रीत आहे, ती ध्यानात ठेवा. दारासाठी काढलेली चाल दारातच मिटवायची. अर्धी सोडायची नाही. अर्धी सोडली तर दार उघडं राहतं म्हणतात. कशासाठी उघडं, ते कोणी म्हणत नाही.

एक्कावन्नच्या पावसाळ्यात भुजंगबुवा गेला. जायच्या आधी त्यानं बन्सीधरला जवळ बसवून सगळं सांगितलं. म्हणाला, "राजावर राग व्हता रं माझा. रागात म्या पोरीचा इचार केला न्हाई. उंबऱ्यावर राजा उभा नसतो, कुणाची तरी लेक उभी असती. सातवं वाजलं की त्या दारातनं कायतरी उचलावंच लागतंय. थोरल्या सुनंच्या येळी देवानं वाचीवलं. तू ती चाल काढू नको." बन्सीधरनं त्याच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं.

पुढं तीन वर्षांनी राजाच्या धाकट्याचं लग्न निघालं.

सन चौपन्न. वैशाख वद्य नवमी, बुधवार. मी तारीख विसरत नाही, कारण पत्रिका मीच वाटल्या होत्या. पत्रिकेवर छापलं होतं, 'खास राजघराण्याची वाद्यचाल, सात वळणांसह'. आता ना गावं, ना दरबार. हैदराबादचा बँड परवडण्यातला नव्हता. म्हणून ह्याला आठवण झाली जुन्या चालीची. गरज पडली की शिळंही ताजं होतं, बघा.

नवरी पूर्णाकाठच्या एका बागायतदाराची. दैवशाला नाव. सोळा वर्षांची, सातवी शिकलेली. बापाला काही कमी नव्हतं, पण राजाचा व्याही व्हायची हौस! पोराला काय येतं, ते विचारलं नाही. पोराला शीळ घालता येत होती, दुसरं काही नाही.

राजाचा माणूस चारठाण्याला आला तेव्हा बन्सीधर देवळाच्या पायरीवर सनई पुसत बसला होता. निरोप ऐकून त्याची बायको चतुराबाई आतनं म्हणाली, "न्हाई जायचं. शबूद दिलाय तुमी मेलेल्या माणसाला."

"सात कुठं वाजवायलोय म्या? सहाच वाजवीन."

"आन् सातवं मागितलं तर?"

"त्या बहिऱ्याला काय कळतंय, सहा का सात."

इथं बन्सीधर चुकला. वाजवणाराच करील अशी ही चूक. ती सहा वळणं सहा वर्षं त्याच्या घशात अडकलेली होती. चांगली चाल ठाऊक असावी आणि कोणाला ऐकवता येऊ नये, हे दुखणं तुम्हाला कळायचं नाही. आणि त्याला वाटलं, कुठं थांबायचं ते आपल्या हातात आहे.

बुधवारी दुपारी ते दोघं मोरदरीला पोचले, बन्सीधर आणि संबळवाला रायभान. सुराला माणूस नव्हता. त्याचा सूर धरणारा गंगाखेडच्या एका बँडमध्ये गेला होता, पितळी बटणांच्या कोटासाठी. दोघांवरच भागवायचं ठरलं.

वरात रात्री साडेअकराला वेशीत आली. चंद्र उगवायला अजून तास-दीड तास होता. तीन गॅसबत्त्या, त्यातली एक नुसती फुरफुरत होती. नवरदेवाला घोडा पाहिजे म्हणून जिंतूरच्या टांग्याचं घोडं आणलेलं. ते दहा पावलं चालायचं आणि टांग्याच्या सवयीनं उभं राहायचं, उतारू उतरायची वाट बघत. मागून चौघं खुशमस्करे त्याला ढकलत होते. नवरी मागं बैलगाडीत. आणि पुढं राजा, अडीच मणाचा, डोक्यावर तुरा, पायात नवे कोरे पंपशू. गावातली माणसं ओट्यांवर उभी राहून बघत होती. कोणी मुजरा केला नाही. राजा मात्र दोन्ही बाजूंना हात हलवत मुजरे घेत चालला होता.

मारुतीपुढं बन्सीधरनं सनई तोंडाला लावली.

पहिलं वळण निघालं आणि ओट्यांवरची कुजबुज थांबली. दुसऱ्याला एक म्हातारी रडायला लागली म्हणतात. तसं ते होतंच. सूर नव्हता मागं, तरी चाल उभी राहिली होती. बन्सीधर स्वतःच्याच वाजवण्यावर खूश होता.

तिसऱ्या वळणाला मागून सूर लागला.

नेमका लागला. स्वराला स्वर. बन्सीधरला आधी बरंच वाटलं. राजानं कुठून तरी माणूस आणलेला दिसतोय. शेजारी रायभान संबळ वाजवता वाजवता वाकून म्हणाला, "बन्सी, सूर कुणाचा हाय?"

बन्सीधरच्या तोंडात सनई. त्याला बोलता येईना. त्यानं नुसती मान हलवली, ठाऊक नाही म्हणून.

"आपल्या मागं तर कुणी न्हाई."

बन्सीधरनं वाजवता वाजवता मान वळवली. मागं टांग्याचं घोडं होतं. घोड्यावर नवरदेव. त्याच्यामागं चौघं. कोणाच्या हातात काही नव्हतं.

सूर मात्र घोड्याच्याही अलीकडून येत होता. त्याच्या आणि घोड्याच्या मधून.

तेवढ्यात राजा पुढून ओरडला, "शाब्बास! सूर झकास धरलाय. तिसरा गडी बी आणला का?"

बघा. त्यालाही ऐकू आलं. आणि तो खूश झाला.

चौथं वळण. सूर जवळ आला. जिवंत माणसानं सूर कितीही साधला, तरी नाकानं श्वास घेताना तो किंचित हलतो. बन्सीधरनं उभं आयुष्य सूर धरला होता, त्याला हे पक्कं ठाऊक. हा सूर हलत नव्हता. मागचा माणूस श्वासच घेत नव्हता.

पाचवं वळण. आता त्यात एक बारीक शीळ ऐकू यायला लागली. पुढचा दात पडलेल्या माणसाच्या फुंकरीत येते तशी. भुजंगबुवाचा पुढचा दात पडलेला होता. बन्सीधरनं ती शीळ लहानपणापासून ऐकलेली.

त्याला थांबावंसं वाटलं. बोटं थांबेनात.

रायभानचा संबळ चुकायला लागला. तो पुटपुटत होता, "बन्सी, थांब... बन्सी, आपुन जाऊ..."

सहावं वळण गढीच्या दारात संपलं.

आता दार कसं होतं ते ऐका. धूळ उडू नये म्हणून राजानं दारापुढं पाणी शिंपडायला सांगितलं होतं. गड्यांनी घागरी ओतल्या. आपली काळी माती ती. हातभर चिखल झाला. म्हणून नवरीसाठी फळी टाकलेली, थेट उंबरठ्यापर्यंत. उंबरठ्यावर तांदळानं भरलेलं माप. आत आरतीचं ताट घेऊन बायका उभ्या. नवरदेव घोड्यावरून उतरून फळीच्या अलीकडंच थांबला, आणि दैवशाला गाडीतून उतरून फळीवरून उंबरठ्यापाशी येऊन उभी राहिली. मेंदीचे पाय. मान खाली.

बन्सीधरनं सनई खाली घेतली. संबळही थांबला.

सूर थांबला नाही.

सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. बन्सीधरच्या हातात सनई, ती सगळ्यांना दिसत होती. सूर चालूच होता. हळू. एकसारखा.

राजानं बोटं मोजली. "सहाच झाली. आजून एक हाय."

"सहाच हायत, सरकार."

"खोटारड्या! सात गावांची सात वळणं. बांधून घेतलेली हायत म्या. गावं सरकारनं नेली, आता वळण तू नेतूस व्हय?"

"सरकार, पाया पडतो. सातवं लग्नाचं न्हाई."

"मग कशाचं हाय?"

बन्सीधर सांगणार कसं? भरल्या वरातीत, पोरीच्या देखत, तिच्या बापाच्या देखत... त्यानं दैवशालाकडं बघितलं. ती त्याच्याकडंच बघत होती. घाबरली होती. सगळ्या वरातीत तेवढ्या एका पोरीला काहीतरी कळलं होतं.

"वाजव म्हणतो ना!"

बन्सीधरनं सनईच्या तोंडाची पत्ती दातांत धरली आणि करकरून चावली. दोन तुकडे. ते थुंकून टाकले. "घ्या, सरकार. आता ही सनई वाजणार न्हाई."

चौघं हसले. राजाही हसला. "गुरवाला भूत लागलं!"

आणि मागून सातवं वळण सुरू झालं.

बन्सीधरनं सांगितलं, त्यावर झालर नव्हती. हरकत नाही, सजावट नाही. उघडी चाल. तिरडीपुढची. ओट्यांवरच्या म्हाताऱ्यांनी ती ओळखली. एकानं डोक्यावरची टोपी काढली. सवयीनं.

चौघांचं हसू थांबलं.

आतल्या बायकांना काय कळावं? त्या दबल्या आवाजात म्हणत होत्या, "ये गं, ये. माप लवंड. उजवा पाय."

दैवशालानं पाय उचलला.

"माय!" बन्सीधर ओरडला. "पाय मागं घे! मागं घे, माय!"

पाय हवेतच राहिला. चाल पुढं सरकत होती. संपायला आली होती. पोरगी नवऱ्याकडं बघायला लागली. नवरा घोड्याकडं बघत होता. बाप कुठं होता कोण जाणे. राजाचा व्याही!

तिनं पाय मागं घेतला. स्वतःच. मग फळीवरून मागं मागं येत बन्सीधरच्या शेजारी येऊन उभी राहिली.

राजा संतापानं लाल झाला. "गुरवाच्या फुंकीला भ्यायची व्हय माझी सून? अशा छप्पन्न चाली बांधून घेतल्यात म्या! बाजूला व्हा." त्याला फळीवरून जायचंही भान राहिलं नाही. चिखलातून धपाधप पावलं टाकत गेला. लाथ मारून माप उडवलं. उंबरठा ओलांडून आत जाऊन उभा राहिला, कमरेवर हात ठेवून. "ह्ये बघा! आलो. काय झालं?"

चाल संपली. सूरही थांबला.

दारात.

काही झालं नाही. तांदूळ सांडले होते. एक बाई ते गोळा करायला खाली वाकली आणि तशीच राहिली. वाटभर ढकलूनही धड न चाललेलं टांग्याचं घोडं शेजारी उभ्या नवरदेवाला पाडून वेशीकडं उधळलं. बस, एवढंच.

राजा आतून म्हणाला, "पाणी आणा. गार आणा. आज लय गार वाटायलंय." मग झोपायला गेला.

त्या रात्री पुढच्या दारातनं कोणी ये-जा केली नाही. सांगावं लागलं नाही, पण कोणाचा पायच पडेना. दार कोणी लावलंही नाही. दैवशाला करवलीच्या मांडीवर डोकं ठेवून बैलगाडीतच निजली. सकाळी तिला गुरांच्या दारानं, मागून, आत नेलं. आज ती दोन लेकरांची आई आहे. नवऱ्याला शीळ सोडून शेती शिकवलीय तिनं. चारठाण्याच्या बाजाराला आली की देवळात जाऊन बन्सीधरच्या पाया पडते.

राजा मेला का म्हणतोस, वैजीनाथ? छे. असली माणसं मरतात कुठं? सकाळी उठला, चहा मागितला, बशीतून फुर्र करून प्याला. अजूनही आहे. परभणीच्या कचेरीत येतो अधूनमधून, अर्ज घेऊन. हिंडतो, बोलतो.

पण त्या सकाळचं ऐका. चांगलं उजाडायच्या आत रायभान आणि बन्सीधर निघायच्या तयारीनं दारापुढं आले. फळी बाजूला पडलेली. दारापुढचा चिखल रात्रीत जरा आवळून आला होता. काळी माती, तिच्यात कोंबडीचासुद्धा पाय उठतो. त्यात राजाचा पंपशू उमटलेला होता, रात्री आत जातानाचा. टाच अशी रुतलेली. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अनवाणी पावलं. दोन इकडं, दोन तिकडं. चार माणसांची. आत गेलेली, हलकी, बोटं जेमतेम टेकलेली. आणि बाहेर आलेली.

बाहेर आलेली घोट्यापर्यंत रुतलेली. चौघांचीही. एका लयीत टाकलेली, खांद्यावर ओझं असल्यासारखी.

रायभान म्हणाला, "चोर असतील."

तेवढ्यात राजा दारात आला. बन्सीधरला बघून त्याची तळपायाची आग मस्तकात गेली. तोच तुरा, तेच पंपशू. त्याच चिखलातून तरातरा चालत ह्यांच्यापर्यंत आला. आईबहिणीवरून शिव्या दिल्या. 'पुन्हा मोरदरीत दिसलास तर तंगडी मोडीन' म्हणाला. आणि वळून, त्याच चिखलातून, आत निघून गेला. अडीच मणाचा माणूस.

बन्सीधर खाली बघत उभा होता. रायभाननं त्याचा दंड धरून ओढलं, तरी हलेना. मग रायभाननंही बघितलं.

रात्रीचा तो पंपशू तसाच होता. ती चार माणसांची पावलं तशीच होती. त्यांच्या मधून राजा आत्ता, त्यांच्या डोळ्यांदेखत, येऊन परत गेला होता.

चिखलात नवा एकही पाय उठला नव्हता.